गडगा कोणी रचायचा?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि अमेरिकेतील घड्याळे त्यानंतर आठवडाभराने. आपली घड्याळे जागची हलत नाहीत. त्या मधल्या आठवड्यात आमच्या त्रिपक्षीय बैठकीचा दरवर्षी बोजवारा उडतो. पूर्णगडजवळच्या घरी, खळ्यात झोडणीसाठी आणलेले भाताचे भारे आणि पडवीत लॅपटॉप अशा थाटात मी रात्री साडेनऊला हजर असतो; युरोपातील सहकारी साडेदहाला उगवतात, आणि तोवर कॅलिफोर्नियातील मंडळींची दुसरी बैठक सुरू झालेली असते. म्हणून निमंत्रणावर वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे कधीही मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेतच, लिहायची, असा नियम मी घातला. तो पाळला जातोच असे नाही.

अवकाश मोहिमांवर जाणाऱ्या वैज्ञानिक उपकरणांची देशोदेशींची जुळवाजुळव करणे हे माझे काम. या कामातील मोठी अडचण अशी की बहुतेक करारांत पैशांची देवाणघेवाण नसते. ज्याने त्याने आपला भाग आपल्या खर्चाने बनवून द्यायचा असतो. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वर अकरा उपकरणे होती आणि त्यांपैकी सहा परदेशांतून आलेली होती. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे अस्तित्व दाखवणारे ‘एम-थ्री’ हे त्यांतलेच एक. अशा व्यवस्थेत समोरच्याने उशीर केला तर त्याचे बिल अडवता येत नाही, कारण बिलच नसते. हाती उरतो तो फक्त एक दस्तऐवज, ज्याला आम्ही सगळे ‘आयसीडी’ (इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट) म्हणतो. उपकरण यानाला कुठे आणि किती स्क्रूंनी बसेल, त्याला किती व्होल्ट मिळतील, ते किती उष्णता बाहेर टाकेल, त्याची माहिती कोणत्या क्रमाने येईल, हे सारे त्यात दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लिहिलेले असते.

कोकणात दोन आगरांमधला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, पावसाळ्यात ढासळला, की तो कोणी रचायचा यावर दोन घरे दोन-दोन वर्षे बोलत नाहीत. आणि तेवढ्यात त्या खिंडारातून गुरे मात्र दोन्हीकडे शिरतात. आयसीडी हा आमचा गडगा आहे. उपकरण सहसा त्याच्या पोटात बिघडत नाही, कारण तिथे कोणाचे तरी लक्ष असते. बिघाड होतो तो सीमेवर, जिथे प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने तपासले असेल.

माझ्याच एका प्रकल्पातील गोष्ट सांगतो. परदेशी संस्थेकडून आलेल्या चाचणी-प्रतिकृतीला जोडण्यासाठी आम्ही केबल तयार केली होती. कनेक्टर साधा नऊ पिनांचा, आकृती दोघांनीही मंजूर केलेली. फक्त ती आकृती कनेक्टरच्या समोरून काढली आहे की तारा सोल्डर करतात त्या मागच्या बाजूने, हे कुठेच लिहिले नव्हते. त्यांनी एक धरले, आम्ही दुसरे. परिणामी पहिल्या पिनेची २८ व्होल्टची तार पाचव्या पिनेवर गेली होती. वीज सुरू करण्याआधी आमच्या तंत्रज्ञ ताईंनी मल्टिमीटर लावून एकेक पिन मोजली, म्हणून ते उपकरण वाचले. नवी केबल, नवी तपासणी आणि नव्या सह्या यांत सहा आठवडे गेले, त्यांतले चार नुसत्या सह्यांत.

याच जातीची, पण कितीतरी मोठी चूक कॅसिनी-हायगेन्स मोहिमेत झाली होती. कॅसिनी हे यान नासाचे होते, शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणारे हायगेन्स युरोपीय अवकाश संस्थेचे, आणि हायगेन्सचे संदेश टिपणारे रिसीव्हर युरोपीय बाजूने दिलेले असले तरी बसवलेले होते कॅसिनीवर. १९९७ मध्ये मोहीम निघाली तेव्हा या रिसीव्हरांची डॉप्लर परिणामासह (गतीमुळे लहरींची वारंवारता बदलते, त्यासह) संपूर्ण चाचणी झालेली नव्हती. २००० मध्ये बोरिस स्मेड्स या युरोपीय अभियंत्याने कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या अँटेनावरून हायगेन्ससारखा बनावट संदेश कॅसिनीकडे पाठवला. तेव्हा कळले की वाहक लहरीतील, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या लहरीतील, बदल रिसीव्हर पकडतो. मात्र त्याच गतीमुळे माहितीच्या बिटांचा वेग जो किंचित बदलतो, तो त्याला झेपत नाही. रिसीव्हरमधली ती मांडणी पृथ्वीवरून बदलता येण्याजोगी नव्हती. शेवटी कॅसिनीचा मार्गच बदलून ते टायटनपासून सुमारे ६० हजार किलोमीटरवरून नेण्यात आले, म्हणजे दोघांमधला सापेक्ष वेग कमी भासावा. एवढे करूनही १४ जानेवारी २००५ रोजी दोनपैकी एक रिसीव्हर बंदच राहिला, कारण तो चालू करण्याची आज्ञाच आज्ञावलीत नव्हती. सुमारे सातशेपैकी निम्मी छायाचित्रे त्यात गेली. वाऱ्यांच्या मापनाचा प्रयोगही त्याच वाहिनीवर अवलंबून होता. त्याची माहिती पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणींनी तो क्षीण संदेश थेट ऐकल्यामुळे बऱ्याच अंशी हाती आली. मला यातली दुसरी चूक अधिक भिववते. पहिलीवर शेकडो लोकांची नजर होती, दुसरी एका ओळीची होती.

त्यामुळे नासा आणि इस्रो यांच्या ‘निसार’ या रडार उपग्रहाच्या बारा मीटर व्यासाच्या परावर्तकावर विशेष लेप देण्यासाठी २०२४ मध्ये तो बंगळुरूहून पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवावा लागला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘विलंब’ छापले तरी मला बरे वाटले. घडी घातलेल्या अवस्थेत तो अपेक्षेपेक्षा अधिक तापू शकतो, हे जमिनीवर असतानाच कोणीतरी पाहिले होते आणि ते उघडपणे बोललेही होते. जुलै २०२५ मध्ये निसार कक्षेत गेले.

आमच्या नव्या आयसीडीत प्रत्येक कनेक्टरच्या आकृतीखाली ‘जोडणीच्या बाजूने पाहता’ अशी ओळ घालावी, असा माझा प्रस्ताव आहे. गेल्या बैठकीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. जोडणीची बाजू म्हणजे केबलची की उपकरणाची, असा प्रश्न युरोपातून आला. तो रास्त होता. खळ्यातले भारे तोवर आईने एकटीनेच ताडपत्रीने झाकले होते, आणि पुढची बैठक सोळा शून्य शून्य यूटीसीला ठरली.