सोन्याच्या कामाला जातेस, मग हात मोकळे का?

निपाणीला हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी माझे हात बघून हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी भूवैज्ञानिक आहे, सोन्यासाठी बोअर घेतात तिथे दगड तपासते. आपल्या शेतात बोअरची गाडी येते तेव्हा दगडाची भुकटी उडते आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे असतं. आम्हाला दगडच हवा असतो. म्हणून आमच्या बिटला, म्हणजे बोअरच्या टोकाला, हिऱ्याचे दात असतात आणि तो मध्ये पोकळ असतो. दगड गोल कापत तो खाली जातो आणि नळीतून दगडाची लांब कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. बोअरही बहुधा तिरकं घेतो. सोन्याच्या शिरा बऱ्याचदा जवळजवळ उभ्या असतात. सरळ खाली गेलं तर शिरेच्या शेजारूनच निघून जायचं.

"आपल्या जोत्याचा काळा दगडपण ज्वालामुखीचाच ना, मग इथंच खणा की!" असं बाबा म्हणतात. दगड ज्वालामुखीचा आहे, हे खरं. पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, थरावर थर साचून निवांत पडलेला. रायचूरकडच्या हट्टी गावच्या सोन्याच्या खाणीतला ज्वालामुखी दगड अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तो खोल गाडला गेला, दाबला गेला, चिरला. त्या चिरांतून गरम पाणी फिरलं आणि जाता जाता गारगोटी आणि सोनं ठेवून गेलं. नुसता लाव्हा असून भागत नाही, पुढचं हे सगळं घडावं लागतं.

आणि ते सोनं डोळ्यांना क्वचितच दिसतं. टनाला चार ग्रॅम म्हणजे चांगला दगड. आमची एक मीटर कांडी पाचेक किलो भरते. तिच्यात सोनं गुंजेचा सहावा भाग, तेही आर्सेनोपायराइटसारख्या खनिजांत विखुरलेलं. मी कांडी ओली करून गारगोटीच्या रेषा, करड्या चकाकीचे ठिपके पाहते, खोली लिहिते. मग कांडी उभी चिरतात. अर्धी पेटीत जपून राहते, अर्धी दळून प्रयोगशाळेत जाते.

आता हातांचं. त्या भुकटीतली तीसेक ग्रॅमच शेवटी मुशीत वितळवतात. सोनं झिजतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या अंगठीचा गुंजेच्या हजाराव्या भागाएवढा कण दगडावर घासला आणि नेमका त्या तीस ग्रॅममध्ये आला, तर सोनं नसलेला दगडही टनाला चार ग्रॅम दाखवील. त्या एका आकड्यावर पुढची बोअरं ठरतात, कुणाच्या तरी रानात गाडी उभी राहते, लोक आशा लावून बसतात. माझ्या हातून असं खोटं सोनं निघालेलं मला सहन होणार नाही.

म्हणून लग्नातली अंगठी आईच्या कपाटात आहे. दिवाळीला आले की घालते आणि निघताना बसस्टँडवर तिच्या हातात देते.