काळ्याखालचा पिवळा

चवथीला नऊ दिवस उरले होते आणि गोव्यात, पेडण्यातल्या माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती. त्यात मांद्र्याहून एक बुलेट आली. साडेतीनशेची, कास्ट इंजिनाची, गियर उजव्या पायात, जुनी 'जीडी'ची, म्हणजे गोवा-दमण-दीवच्या काळातली, नंबरपाटी अजून जागेवर. मुलगा चालवत होता, वडील मागे बसलेले.

"दादा, सगळी खोला आणि नवीकोरी करा. चवथीला पाहुणे येणार."

मी गाडी चालू करायला सांगितली. आठव्या किकला सुरू झाली, पण एकदा लागल्यावर धूर नाही, खडखड नाही. असं इंजिन उघडायला माझा हात धजत नाही. एकदा खोललं की गास्केट, ऑइल सील, झिजलेले आटे, एकातून एक निघत जातं आणि चवथ काय, दिवाळी उजाडते. मी म्हटलं, आतलं काही उघडायचं नाही, आजचा दिवस मला द्या. मुलगा नाराज झाला. काका स्टूल ओढून बसले, बोलले काहीच नाहीत.

समुद्राकाठच्या गाड्यांचा पहिला बळी क्रोम. क्रोमचा थर फार पातळ असतो, त्याच्या बारीक छिद्रांतून खारी हवा आत शिरते आणि लोखंडाचा गंज ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. तिथे सॅंडपेपर लावला तर क्रोमच जातं. मी अॅल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून घासतो. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि गंज तेवढा सुटतो. रिम, सायलेन्सर, हेडलाईटची रिंग, एवढ्यात दुपार झाली. इंजिनावरचं चिकट काळं रॉकेल आणि ब्रशने काढलं, कार्बोरेटरचं तोंड आधी बांधून.

टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा होत्या. मद्रासच्या कारखान्यात त्या ब्रशने ओढत. एका जागी रेघ किंचित जाड झालेली, तिथे ओढणाऱ्याचा हात थांबला असावा. त्यांच्यावर टेप लावूनच मी रंग घासायचं कंपाऊंड घेतलं. जुन्या रंगावर लॅकरचा पारदर्शक थर नसतो, म्हणून फडकं लगेच काळं होतं. ते काळं म्हणजे मेलेला रंग, खालचा चकचकीत असतो.

मग पुढचा मडगार्ड घेतला आणि तिथे माझ्याकडून चूक झाली. कडेला रंग नेहमीच पातळ असतो, हे मला ठाऊक आहे. तरी हात जास्त दाबला गेला. फडक्यावर काळ्याबरोबर पिवळं आलं. पाहतो तर कडेला बोटभर पट्टा पिवळाधमक.

काका उठून जवळ आले. त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दुपारपर्यंत दहा-दहा भाडी व्हायची," ते म्हणाले.

मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याला आमच्याकडे पायलट म्हणतात. काळी गाडी आणि पुढचा मडगार्ड पिवळा, ही त्याची खूण. काकांनी धंदा सोडला तेव्हा त्यावर काळा मारून घेतला. मुलगा तेव्हा लहान असावा, तो आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी त्याला विचारलं, "चूक माझी आहे. पैसे न घेता काळा मारून देतो. मारू?"

वडिलांकडे पाहून तो म्हणाला, "नको, राहू दे तेवढं."

पूर्ण पिवळा ठेवला असता तर रस्त्यावर लोकांनी पायलट म्हणून हात केला असता. बोटभर पट्ट्याला कोण विचारतो! त्यावर मेण चढवलं, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. रबरांना ग्लिसरीन लावलं. सीटचं जुनं रेग्झिन फक्त धुतलं.

संध्याकाळी मुलगा किकवर चढला तेव्हा काकांनी त्याला बाजूला केलं. डिकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा खटका, दाबून किक हळूहळू खाली नेली, आम्पियर मीटरचा काटा मधोमध आला, अजून जरासं पुढे सरकवलं, डिकॉम्प सोडला, किक वर घेतली.

एकाच किकमध्ये लागली. मग ते पुढे बसले आणि मुलगा मागे.