बोजा

२६ मे २०२५, सोमवार

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. भोसरीतल्या माझ्या वर्कशॉपच्या गाळ्याच्या पत्र्यावर इतका आवाज होता की पोस्टमन दारात उभा राहून हाका मारतोय हे मला दोन मिनिटं कळलंच नाही. रजिस्टरचं पाकीट होतं. हात कूलंटने ओले होते, तसेच पँटला पुसले आणि सही केली. पाकिटावर माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. उघडायच्या आधी मी कितीतरी वेळ त्या ठशाकडेच बघत होतो.

आत सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याच्या, कलम १३(२) खालची नोटीस. फेब्रुवारीपासून चार हप्ते थकले, खातं एनपीए म्हणजे अनुत्पादक कर्ज झालं, नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवसांत सगळे ३३ लाख ७ हजार रुपये भरा, नाहीतर तारण मालमत्तेचा ताबा घेऊ. नोटिशीवर तारीख २० मे. म्हणजे १९ जुलैपर्यंत.

शेवटच्या पानावर मालमत्तेचं वर्णन. मोशीतला आमचा फ्लॅट, तिसरा मजला, चटई क्षेत्र, मग चतुःसीमा. पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, उत्तरेस शेजारचा फ्लॅट. माझ्या घराबद्दल इतकं कोरडं मी आजवर काही वाचलं नव्हतं. सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्यांच्या पिना मी स्वतः लेथवर काढल्या आहेत, ईएन-८ पोलादाच्या गजातून, दहा वर्षांपूर्वी. अजून दार कुरकुरत नाही. रात्री दहाला घरी गेलो तरी आईची झोप मोडत नाही. हे त्या चतुःसीमेत कुठे बसणार?

पाकीट टूल्सच्या कपाटात ठेवलं. घरी काही बोललो नाही.

२८ मे, बुधवार

दोन दिवस आकडे डोक्यात फिरताहेत. इथे लिहून ठेवतो म्हणजे रात्री पुन्हा पुन्हा मोजायला नकोत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जुनं गृहकर्ज या हाऊसिंग फायनान्स कंपनीकडे आणलं, वर टॉप-अप म्हणजे वाढीव कर्ज घेतलं. एकूण ३४ लाख, साडेअकरा टक्के, १५ वर्षं, हप्ता ३९,७२०. टॉप-अपमधून सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, घेतलं, १९ लाखांना. जुना लेथ होताच. दोन वर्षं काम चांगलं होतं. एकाही महिन्यात हप्ता चुकवला नाही. गेल्या सप्टेंबरात मोठ्या पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीने, आमचा पार्ट स्वतःकडेच करायला घेतला. नोव्हेंबरात स्पिंडल गेला, २ लाख १० हजार खर्च आला आणि मशीन तीन आठवडे बंद राहिलं. तिथून टोप्या फिरवणं सुरू झालं. कार्डवरून पगार दिले, कार्ड भरायला बिझनेस लोन घेतलं, लोनच्या हप्त्यासाठी हिच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या.

सत्तावीस हप्ते भरले मी. १० लाख ७२ हजार झाले. त्यातून मुद्दल उतरलं २ लाख १८ हजार. स्टेटमेंट तीनदा तपासलं. चूक नाही. सुरुवातीची वर्षं हप्ता बहुतेक व्याजातच जातो, हे कर्ज घेताना मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मे महिन्याच्या रात्री तो आकडा समोर बघणं वेगळं.

२९ मे, गुरुवार

भोसरीत गुरुवारी सुट्टी. मुलं क्लासला गेली, आई पोथी वाचत होती. हिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. कार्ड आणि पाटल्या तिला माहीत होत्या. नोटीस माहीत नव्हती, आणि तिच्या भावाकडून घेतलेले दीड लाख मुळीच माहीत नव्हते. त्याचं तिला सगळ्यात जास्त लागलं. घर जाईल या भीतीपेक्षाही जास्त. "दादाने मला विचारलंसुद्धा नाही," एवढंच म्हणाली आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली. मी तिचा विश्वास मोडलाय. कर्ज फेडलं म्हणून तो भरून निघणार नाही, हे मला कळतं.

मग तिनेच कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "सांगा."

घराचं सोडून: बिझनेस लोन ४ लाख १० हजार, दोन कार्डं मिळून १ लाख ८६ हजार, पाटल्यांवर १ लाख २० हजार, मेव्हण्याचे दीड लाख, टूलवाल्याची उधारी ६४ हजार. बेरीज ९ लाख ३० हजार.

ती बराच वेळ पान बघत राहिली. मग मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाली, "आता लोकांनी तुम्हाला किती द्यायचेत ते लिहा."

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. तीन पार्ट्या: ३ लाख ४२ हजार, १ लाख १८ हजार, ७६ हजार. मिळून ५ लाख ३६ हजार. सगळ्यात जुनं बिल ऑक्टोबरचं. त्या प्रत्येक बिलाचा जीएसटी मी वेळेवर भरलाय, पैसे मला मिळालेले नसताना. थकलेले चार हप्ते म्हणजे १ लाख ५९ हजार. मी थकबाकीदार झालो, नोटीस माझ्या नावाने आली, आणि त्याच्या तिप्पट रक्कम दुसऱ्यांच्या खात्यात निवांत पडून आहे.

"मागत का नाही?" तिने विचारलं.

"पार्टी तुटेल."

"घर तुटतंय."

३ जून, मंगळवार

खालच्या मजल्यावरचे काका सहकारी बँकेत वसुली अधिकारी होते. नोटीस घेऊन त्यांच्याकडे गेलो. जिना उतरताना पाय जड झाले होते. सोसायटीत एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. काकांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "अरे, मी स्वतः अशा किती दारांवर कागद चिकटवलेत. बस."

त्यांनी जे सांगितलं ते इथे नीट उतरवतो, कारण माझ्यासारखा कुणी हे शोधत असेल तर त्याला ते लागेल. ही मागणीची नोटीस आहे, घर गेल्याची नाही. ६० दिवसांनंतर ताबा नोटीस निघते, ती दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तो बहुधा कागदोपत्री ताबा असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी फायनान्स कंपनी सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग लिलाव, आणि त्याचीही नोटीस. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत सगळी बाकी भरून घर सोडवता येतं. ताबा नोटीस लागली तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागता येते, ते पुण्यातच आहे. आणि आत्ता, या क्षणी, लेखी म्हणणं देता येतं. ते मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह कळवायला ते बांधलेले आहेत.

"किती जण हे म्हणणं द्यायचे?" मी विचारलं.

"शंभरात चार-पाच. बाकीचे पाकीट कपाटात ठेवायचे."

मी खाली मान घातली.

अजून एक सांगितलं. खातं एनपीए झाल्यावर एक-दोन हप्ते भरून ते नियमित होत नाही. मागची थकबाकी पूर्ण भरली तरच होतं. म्हणजे थोडं थोडं टाकत राहण्यात अर्थ नाही. एकदाच मोठी रक्कम लागेल.

७ जून, शनिवार

काल रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी केला, ५.५० वर आणला. टीव्हीवर हप्ता स्वस्त होणार म्हणून चर्चा चालू होती. आईने मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. आमच्या फायनान्स कंपनीचा दर आमच्यापर्यंत कधी खाली आलेला नाही. तिला म्हटलं, होईल हळूहळू.

शेजारच्या गाळेवाल्याने आज एक माणूस सुचवला. महिना पाच टक्के, तीन कोरे चेक सह्या करून, उद्या दोन लाख हातात. मन गेलं, खोटं कशाला लिहू. रात्रभर वाटत होतं की थकबाकी भरून मोकळं व्हावं. सकाळी हिने एवढंच म्हटलं, "महिन्याला दहा हजार फक्त व्याज. आणि चेक कोरा." काकांनी सांगितलं, परवाना नसताना सावकारी करणं राज्याच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तक्रार करायची वेळ येते तोवर माणूस पार पिळून निघालेला असतो. नाही गेलो.

९ जून, सोमवार

मोठ्या बाकीच्या पार्टीकडे गेलो. दोन तास बाहेर बाकावर. परचेसचे साहेब आले, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाले, नेहमीसारखं. या वेळी मी उठलो नाही. सीएकडून करून घेतलेलं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझं उद्यम, म्हणजे लघुउद्योगाचं, रजिस्ट्रेशन २०२१ चं आहे. एमएसएमईडी या लघुउद्योगांच्या कायद्याने करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि न दिल्यास थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज. बोलताना माझा आवाज कापत होता. सोळा वर्षं गाळा चालवतोय, स्वतःच्या घामाचे पैसे मागताना आवाज का कापावा?

साहेब म्हणाले, "असं केलंत तर पुढचं काम अवघड होईल."

मी म्हटलं, "पुढचं काम करायला माणूस राहिला पाहिजे ना साहेब."

पोच घेतली आणि निघालो. त्याच संध्याकाळी फायनान्स कंपनीला लेखी म्हणणं रजिस्टर एडीने पाठवलं. पावती या वहीत डकवली आहे.

१३ जून, शुक्रवार

वसुलीवाल्याचा फोन रात्री पावणेनऊला, तोही मेव्हण्याला. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर फोन करू नये, नातेवाइकांसमोर लाज काढू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. मेव्हण्याने मला फोन करून विचारलं, "भावजी, जेवलात का?" बाकी काहीच नाही विचारलं.

१९ जून, गुरुवार

तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला. आईला घेऊन दोघं गेलो. गर्दीत पुढे जाता येईना, लांबूनच हात जोडले.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे लहानपणापासून ऐकत आलोय. घराणं सावकारीचं, दुष्काळात धंदा बसला, दिवाळं निघालं आणि तरीही येणं बुडवून टाकलं. मी याच्याकडे कायम तुकोबांचं वैराग्य म्हणून बघितलं. आज त्या गर्दीत पहिल्यांदा मनात आलं ते त्या कुळांचं, ज्यांची नावं त्या खतांवर होती. देहूच्या आसपासचे कुणी शेतकरी, कुणी कारागीर. कागद पाण्यात गेला हे त्यांना कुणी सांगितलं असेल? त्या रात्री त्या घरांमध्ये झोप कशी लागली असेल? पाठ टेकल्यावर काय वाटलं असेल? मला भरून आलं. आई म्हणाली, धूळ गेली का डोळ्यात. मी हो म्हटलं.

२४ जून, मंगळवार

ठरवलं. व्हीएमसी विकायचं.

महिनाभर याच विचाराभोवती फिरत होतो आणि जवळ जात नव्हतो. मशीन घराच्या पैशातून आलं, म्हणून त्यावर कुणाचा बोजा नाही. बोजा घरावर आहे. आई, ही, दोन मुलं, चौघांचं छप्पर मी एका मशीनला बांधून ठेवलं होतं. आयटीआय झाल्यापासून स्वतःचं व्हीएमसी हे माझं स्वप्न होतं, चाचणीचा पहिला जॉब निघाला तेव्हा मी त्याला कुंकू लावलं होतं. पण स्वप्न माझं एकट्याचं होतं आणि घर सगळ्यांचं आहे.

दलालाने ९ लाख ४० हजार सांगितले. १९ ला घेतलेलं.

२ जुलै, बुधवार

हायड्रा क्रेन सकाळी नऊला आला. पट्टे बांधले, मशीन जमिनीपासून वीतभर उचललं गेलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा फरशीवर त्याचा आकार उरला होता, मधे स्वच्छ करडा चौकोन आणि भोवती तेलाची काळी किनार. ऑपरेटर पोऱ्या झाडू घेऊन आला, त्याला म्हटलं, राहू दे आज. त्याला दुसरीकडे लावून दिलंय, पंधरा तारखेपासून. तिथेच मलाही प्रोग्रामिंगचं रात्रपाळीचं काम मिळतंय. दिवसा लेथ, रात्री तिथे. मालकाचा नोकर झालो असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

हिशोब: थकलेले पाच हप्ते आणि दंड मिळून २ लाख १४ हजार. बिझनेस लोन चार्जेससह बंद, ४ लाख १२ हजार. दोन्ही कार्डं १ लाख ८६ हजार, भरली आणि हिने कात्रीने कापली. टूलवाल्याचे ६४ हजार. उरले ६४ हजार. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत, मेव्हण्याचे दीड लाख अजून द्यायचेत.

५ जुलै, शनिवार

सकाळी सव्वादहाला मेसेज, हप्ता कापला गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा चेक परत आला नाही. खातं नियमित झाल्याचं पत्र अजून हातात नाही; सोमवारी शाखेत जाऊन लेखी घेईन, तोंडी नको. मोठ्या बाकीच्या पार्टीचं उत्तर नाही, कौन्सिलकडचा अर्ज सीए भरतोय. छोट्या पार्टीने मात्र काल ७६ हजार टाकले, न सांगता.

उद्या आषाढी. ही साबुदाणा भिजवत होती. हात पुसून तिने फ्रिजवरून ते एप्रिलचं पान काढलं, उजव्या बाजूच्या ७६ हजारांवर रेघ मारली, मग डाव्या बाजूला दादाच्या दीड लाखांसमोर पेन थांबवलं. "यातले चाळीस त्याला देऊया?" मी होय म्हटलं. फोन मात्र तिने मला लावायला लावला.