सूर, ओमान: फक्त कासवं बघून परत फिरू नका

मस्कतहून सूरला जाणारे आपले बहुतेक लोक एकाच साच्याची ट्रिप करतात, वाटेत बिम्माचं सिंकहोल, मग वाडी शाबची दरी, रात्री रास अल जिन्झला कासवं आणि सकाळी नाश्ता करून परत. सूर गावात फार तर तासभर, तो पण लाकडी जहाजांचे फोटो काढायला. मला हे मनापासून खटकतं, कारण अरबस्तानच्या किनाऱ्यावर टोळ्यांची भांडणं आणि नावापुरता सुलतान म्हणजे काय असायचं ते समजून घ्यायचं असेल तर सूरसारखी जागा नाही, आणि त्यासाठी पुस्तक घेऊन बसायची पण गरज नाही, गावाची रचनाच सगळं सांगते, फक्त कुठे उभं राहून बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी पोचायचं कसं. मस्कतहून किनाऱ्याने जाणारा हायवे एकदम मस्त आहे, साधारण 200 किमी, न थांबता सव्वादोन-अडीच तास. स्पीड कॅमेरे भरपूर आहेत, 120 च्या वर जाऊच नका, भाड्याच्या गाडीचा दंड नंतर कार्डावरून कापला जातो. म्वासलातची सरकारी बस पण आहे, पण सूरमध्ये फिरायला स्वतःची गाडी हवीच. साधी सेडान पुरते, फोर बाय फोर लागत नाही. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा साइटवर बघून घ्या, एजंटच्या भरवशावर राहू नका. लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट असलेलं बरं.

आता गाव. सगळ्यात आधी सुनैसिला किल्ल्यावर जा, टेकडीवर चौकोनी किल्ला, कोपऱ्यांना गोल बुरूज. वरून खाली बघितलं की सूरची खाडी, जिला तिथे खोर म्हणतात, ती पूर्ण दिसते, अलीकडे सूर, पलीकडे पांढऱ्या घरांचं अल ऐजा, मध्ये झुलता पूल आणि ऐजाच्या मागच्या खडकांवर टेहळणीचे बुरूज. आपल्याला वाटतं एकच गाव आहे, खाडीने दोन भाग झालेत इतकंच. पण शंभर वर्षांपूर्वी ही खाडी म्हणजे सीमा होती. सूरच्या बाजूला जनबा टोळीचे लोक, ऐजाला बनी बू अली. बिलाद सूरचा किल्ला तर समुद्रापासून आत, खजुरीच्या बागांपाशी आहे, वरच्या टोकाला विचित्र आकाराचे बुरूज आहेत त्याला. बंदराचं गाव आणि किल्ला असा आत का, तर भीती वाळवंटाकडून येणाऱ्या टोळ्यांची होती. हा किल्ला बघितल्याशिवाय सूर कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कंटाळा करू नका. 1720 च्या दशकात इमाम, म्हणजे देशाचा धार्मिक आणि राजकीय प्रमुख, कोण व्हायचं यावरून ओमानात यादवी झाली, एका बाजूचा पुढारी मुहम्मद बिन नासिर अल गाफिरी, दुसऱ्या बाजूचा खलफ बिन मुबारक अल हिनाई, दोघंही 1728 मध्ये सोहारला मारले गेले, पण देशातली एकूण एक टोळी गाफिरी नाहीतर हिनावी अशी वाटली गेली ती गेलीच. पुढे दोनशे वर्षं विहिरीवरून, बागेवरून, खुनावरून कुठलंही भांडण झालं की या दोन गटांतून मदत मागायची. आणि मस्कतच्या सुलतानाकडे हे थांबवायला ना सैन्य होतं ना पैसा. 1861 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगच्या निवाड्याने सुलतानाच्या राज्यातलं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झांझिबार वेगळं झालं, सगळ्यात श्रीमंत हिस्सा गेला, झांझिबारकडून वर्षाला 40,000 डॉलर यायचे ठरले तेही नीट येईनात. सुलतानाचं खरं उत्पन्न म्हणजे बंदरांची जकात. त्यामुळे सूरमध्ये त्याचा वाली म्हणजे अधिकारी बसायचा खरा, पण जनबांच्या शेखांना खूश ठेवायचं, एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करायचं आणि अगदीच गळ्याशी आलं तर ब्रिटिशांची युद्धनौका मागवायची, असा कारभार. 1865 मध्ये मध्य अरबस्तानातल्या नज्दहून आलेल्या वहाबींनी, म्हणजे कडव्या धार्मिक पंथाच्या लोकांनी, जनबांच्या मदतीने सूर लुटलं, त्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची दुकानं गेली, आणि पुढच्या वर्षी भरपाई वसूल करायला ब्रिटिशांची हायफ्लायर नावाची नौका सूरला आली आणि तिने तोफा डागल्या. म्हणजे गाव सुलतानाचं, लूट टोळ्यांची आणि वसुली तिसऱ्याचीच!

त्याहून भारी प्रकार झेंड्यांचा. सूरची जहाजं बसरा, मुंबई, मलबार, झांझिबार सगळीकडे जायची, खजूर, लाकूड आणि दुर्दैवाने गुलाम पण. ब्रिटिश नौदल गुलामांसाठी जहाजं तपासायचं, पण फ्रेंच झेंडा असला की तपासता यायचं नाही, मग सूरच्या जहाजमालकांनी सरळ फ्रेंच झेंडे मिळवले. सुलतान फैसलची प्रजा, सुलतानाच्याच बंदरात, परक्या देशाचा झेंडा लावून त्यालाच दाद देईना. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, 8 ऑगस्ट 1905 ला निकाल लागला आणि 2 जानेवारी 1892 नंतर दिलेल्या फ्रेंच झेंड्यांना चाप बसला, काही जुने अपवाद सोडून. हे सगळं डोक्यात ठेवून किनाऱ्यावर उभं केलेलं फतह अल खैर बघा. 1951 मध्ये सूरलाच बांधलेलं, नंतर येमेनला विकलं गेलेलं आणि 1990 च्या दशकात गावकऱ्यांनी पैसे जमवून परत आणलेलं हे घंजा जातीचं जहाज आहे. मागच्या बाजूचं कोरीव काम जवळ जाऊन बघा, घाई करू नका. बाजूच्या जहाजांच्या कारखान्यात काम करणारे बरेच सुतार आपल्याकडचेच आहेत, हिंदीत गप्पा होतात, कामाच्या मध्ये न येता विचारलं तर हौसेने दाखवतात.

नंतर पूल ओलांडून ऐजाला जा, संध्याकाळी चारनंतर. 1920 मध्ये सुलतान आणि आतल्या टोळ्यांमध्ये सीबचा करार होऊन आतला ओमान जवळजवळ इमामाकडे गेला, सुलतान तैमूर कर्जात बुडालेला, आणि त्याच दशकाच्या शेवटी शेवटी बनी बू अलीच्या अमीराने म्हणजे प्रमुखाने ऐजाला स्वतःचा झेंडा आणि स्वतःचं जकात ठाणं उभं केलं. विचार करा, खाडीच्या एका काठाला सुलतानाची जकात आणि समोर हाकेच्या अंतरावर दुसरी. दीपस्तंभाजवळच्या दगडी कट्ट्यावर बसलं की दोन्ही काठ समोर असतात आणि हे अंतर किती कमी आहे ते बघून खरंच धक्का बसतो. तिथे एका म्हाताऱ्या काकांनी आम्हाला बोलावून कहवा पाजला, छोट्या कपात, सोबत खजूर, कप हलवून परत दिला तरच ते ओतायचं थांबवतात. पूल व्हायच्या आधी होडीने कसं जायचो ते त्यांनी भरभरून सांगितलं, पण जुन्या भांडणांबद्दल मी विचारलं तेव्हा हसून खजुरांचं ताट पुढे केलं. म्हणून सांगतो, तुमची टोळी कुठली, तुमचं कोणाशी वैर होतं, असले प्रश्न अनोळखी माणसाला नका विचारू. आज तिथे कमालीची शांतता आहे, सगळ्यांची एकमेकांत लग्नं-कामं चालू आहेत, आणि ते त्यांनी मेहनतीने मिळवलंय. ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी दुकानांच्या पाट्या आहेतच, अल अरैमी, अल मुखैनी, अल घैलानी, अल फारसी ही नावं सगळीकडे दिसतील, जनबांच्याच शाखांवरून आलेली.

वेळ असेल तर जालान बनी बू अलीला नक्की जा, सूरहून तासाभराचं ड्राइव्ह. माझ्या मते पुण्या-मुंबईच्या माणसाने हे चुकवूच नये. 1820 मध्ये चाचेगिरीचा ठपका ठेवून कॅप्टन थॉम्पसन नावाचा इंग्रज अधिकारी सुलतान सईदसोबत मुंबईचे शिपाई घेऊन इथल्या बनी बू अली टोळीवर चालून गेला आणि सपाटून हरला, दोनशेच्या वर शिपाई कापले गेले, सुलतान स्वतः हाताला जखमी झाला. मग 1821 मध्ये मुंबईहून जनरल स्मिथ मोठी फौज घेऊन सूरला उतरला, पुढे एका रात्री त्याच्या छावणीवर हल्ला झाला, शेवटी 2 मार्चला गाव पडलं. किल्ला उडवला, खजुरीची झाडं तोडली, कैदी मुंबईला नेले आणि दोनेक वर्षांनी परत पाठवले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनियर तुकडीच्या युद्धसन्मानांत या लढाईचं नाव आजही आहे. आपल्या भागातली किती पोरं त्या वाळूत राहिली असतील कोणास ठाऊक, त्यांच्यासाठी आणि तोडलेल्या बागांच्या मालकांसाठी, दोघांसाठी वाईट वाटतं. शेजारीच काही किमीवर बनी बू हसन हे गाव आहे, बू हसन हिनावी आणि बू अली गाफिरी, पिढ्यानपिढ्या वैर. बू अलीत 52 घुमटांची अल हमूदा मशीद आहे, बाहेरून बघितली तरी डोळे निवतात, नमाजाच्या वेळी तिथे घुटमळू नका.

बाकी सूचना. नोव्हेंबर ते मार्च हवा छान, पण कासवं जास्त बघायची असतील तर मे ते सप्टेंबर, तेव्हा दुपारी बाहेर पडणं अशक्य, किल्ले सकाळी लवकर उरका. रास अल जिन्झची टूर आधी बुक करावी लागते, फ्लॅश आणि मोबाइलचा टॉर्च बंद म्हणजे बंद. शुक्रवारी दुपारपर्यंत बरंच काही बंद असतं आणि किल्ल्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे हॉटेलवाल्याला फोन करायला लावा. सूरजवळच्या कल्हात या जुन्या बंदरातलं बीबी मरियमचं थडगं डागडुजीसाठी बंद असू शकतं, तेही विचारून घ्या. जेवायला मल्याळी हॉटेलं जिंदाबाद, सुरमई फ्राय आणि पराठा, शाकाहारी लोकांची डाळ-भाजीची सोय होते. कपडे खांदे-गुडघे झाकणारे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाहीत. आणि खोरचे फोटो हवे असतील तर भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला नुसता चिखल आणि कललेल्या होड्या असतात. जालानला निघताना सूरमध्येच टाकी फुल करा आणि पाणी जास्तीचं ठेवा.