पहिलीच्या फॉर्मवर मराठी नाही

जानेवारीत लेक इथे सिंगापुरात पहिलीत जाणार. शाळेच्या फॉर्मवर 'मदर टंग' हा विषय निवडायचा होता. चिन्यांना मँडरिन, मलय मुलांना मलय, तमिळांना तमिळ. उरलेल्या भारतीयांसाठी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. गुजराती आहे हो, मराठी नाही! हे मी नवऱ्याला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. शेवटी तो म्हणाला, "मग काय, मोर्चा काढायचाय का सिंगापुरात?"

विषय टाळण्यासारखाही नाही. सहावीच्या पीएसएलई परीक्षेत इंग्रजी, गणित आणि विज्ञानाच्या बरोबरीने त्याचे गुण धरतात.

इथल्या लोकांना यात गैर काही वाटत नाही, कारण त्यांनी याहून बरंच काही सोडलंय. इंग्रजांच्या काळात प्रत्येक समाजाची शाळा वेगळी आणि नोकऱ्या मात्र इंग्रजी शिकलेल्यांना. चिनी शाळांतली मुलं १९५५-५६ मध्ये रस्त्यावर उतरली, दंगली झाल्या. १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडल्यावर सरकारने इंग्रजी पुढे केली आणि १९६६ पासून माध्यमिक शाळेत दुसरी भाषा सक्तीची झाली. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही, म्हणून भांडण नाही, असं आपण कौतुकाने सांगतो. पण नानयांग विद्यापीठ चिनी माध्यमाचं होतं आणि ते उभं करायला सायकलरिक्षावाल्यांनीसुद्धा आपली कमाई दिली होती. १९८० मध्ये ते दुसऱ्या विद्यापीठात विलीन करून टाकलं. १९८७ पासून सगळ्याच शाळा इंग्रजी माध्यमाच्या.

आमच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. सगळे त्यांना आह्मा म्हणतात, मीही तेच म्हणते. बोलतात फक्त हॉक्कियन, म्हणजे मँडरिनहून वेगळी चिनी बोली. १९७९ मध्ये चिन्यांनी आपापल्या बोली सोडून मँडरिन बोलावी म्हणून सरकारची 'मँडरिन बोला' मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत टीव्ही-रेडिओवरून हॉक्कियन, कॅन्टोनीज कार्यक्रम काढून टाकले. (ज्या पंतप्रधान ली क्वान यू यांनी मोहीम काढली, ते स्वतः १९६१ मध्ये मतं मागायला हॉक्कियन शिकले होते!) परवा लिफ्टपाशी आह्मा नातीला काहीतरी रंगवून सांगत होत्या. नात मान डोलावत होती आणि मग हळूच इंग्रजीत मला म्हणाली, "आंटी, मला यातलं निम्मंसुद्धा कळत नाही." आजी तिला भरवते, तिच्या वेण्या घालते, पण गोष्ट सांगायची तर मध्ये दुभाषी लागतो. मी त्या दिवशी घरी येऊन लेकीला उगाचच इसापनीती मराठीत वाचून दाखवली.

फॉर्मवर शेवटी हिंदी लिहिली, आणि सांगलीहून बाबांचा फोन आला तो भडकूनच. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा त्यांनी गल्लीत सह्या गोळा केल्या होत्या, जूनअखेर तो मागे घेतल्यावर पेढेही वाटले. "आम्ही इथे हिंदी अडवली आणि तू नातीला तिथे हिंदी शिकवणार?" आता काय सांगू? तमिळचाही विचार केला होता. ती इथली अधिकृत भाषा, शाळेतच शिकवतात; हिंदीचा क्लास मात्र शनिवारी, तो दिवस मोकळा राहिला असता. पण हिंदीची लिपी तरी देवनागरी, म्हणजे मराठी वाचायला येईलच, असं मी म्हटलं. मलाही ते थोडं सोयीचंच वाटतंय, कबूल.

पण सांगलीतली माझी भाचरं इंग्रजी माध्यमात जातात आणि 'छत्तीस'ला 'थर्टी सिक्स' म्हणतात, त्याचं काय? निदान आमच्याकडे रात्री जेवताना मराठीशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे, आणि लेक तो माझ्यापेक्षा जास्त पाळते. मी हे ऐकवल्यावर बाबा म्हणाले, "माध्यमाचा विषय वेगळा," आणि आईच्या हातात फोन दिला. आईने विचारलं, हिंदीचा क्लास कितीला असतो, म्हणजे शनिवारचा व्हिडिओ कॉल दुपारी ठेवायला बरा.