खेळणाऱ्या मुलाजवळ बसायला शिकवताना

समुपदेशक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर यांना मी लहान मुलांबरोबरच्या प्ले थेरपीचे, म्हणजे खेळाच्या माध्यमातून करायच्या मानसोपचाराचे, प्रशिक्षण देते. येणाऱ्यांकडे पदव्या असतात, मोठ्या माणसांबरोबर काम केल्याचा अनुभवही असतो, आणि बहुतेकांची अपेक्षा अशी असते की येथे काही नवी तंत्रे हाती लागतील: कोणते खेळणे कोणत्या तक्रारीसाठी वापरावे, कोणत्या चित्राचा काय अर्थ लावावा. ती अपेक्षा मी लवकर पुरी करीत नाही, कारण प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड भाग तंत्राच्या आधी येतो. जिभेवर बसलेली प्रश्न विचारण्याची सवय सोडवणे, हा तो भाग.

आपल्या घरांत मोठी माणसे लहान मुलांशी बोलतात ती बहुतांशी परीक्षकाच्या भूमिकेतून. "नाव काय तुझं? कितवीत आहेस? आई जास्त आवडते की बाबा? काकूंना एक गाणं म्हणून दाखव बघू." त्यावर आमच्या व्यवसायाचे शिक्षण आणखी एक थर चढवते: तक्रार कधीपासून आहे, झोप कशी लागते, शाळेत काय झाले, असा पूर्वेतिहास घेण्याची शिस्त. मोठ्या रुग्णाबाबत ती आवश्यकच आहे, आणि मुलाच्या बाबतीतही आईवडिलांकडून तो इतिहास घ्यावाच लागतो. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला "तुला राग का येतो?" असे विचारले, तर ते "माहीत नाही" म्हणते किंवा समोरच्याला आवडेल असे काहीतरी सांगून मोकळे होते. स्वतःच्या मनातील घडामोडींची कारणे शब्दांत मांडण्याची क्षमता त्या वयात अजून घडत असते. तेच मूल भातुकली मांडून बसले की बाळाला डब्यात घालून झाकण लावते, आजीला सगळ्यांच्या आधी जेवू घालते, बाबांच्या बाहुलीला गाडीत बसवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवते. बोलण्यात जे येत नाही ते मांडणीत येते. प्ले थेरपीचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे.

म्हणून आमच्याकडे पहिला गृहपाठ असा असतो: ओळखीच्या, कोणतीही मोठी अडचण नसलेल्या एका मुलाबरोबर अर्धा तास बसायचे, पालकांच्या लेखी संमतीने त्याचे चित्रीकरण करायचे, आणि नंतर स्वतः उच्चारलेले प्रत्येक वाक्य कागदावर उतरवून त्यापुढे खूण करायची: प्रश्न, सूचना, शिकवणी, शाबासकी, वर्णन, भावनेची दखल. काम कंटाळवाणे आहे आणि डॉक्टर मंडळी त्याबद्दल कुरकुर करतात, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही. आपण फारसे बोललोच नाही अशी खात्री असलेल्या माणसाला स्वतःची पाने वाचताना दिसते की मुलाने हत्ती उचलला न उचलला तोच आपण "हा कोण? काय खातो हा? रंग कोणता याचा?" अशी सरबत्ती लावली आहे. बालवाडीत शिकवून मग समुपदेशनाकडे वळलेल्यांना ही सवय सोडणे विशेष जड जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात खेळातून शिक्षणाची जी परंपरा रुजवली तिचे मोल मोठे आहे. मात्र तेथे खेळाला शिकवण्याचे प्रयोजन आहे. थेरपीच्या खोलीत मुलाने सूर्य हिरवा रंगवला तर तो हिरवाच राहतो आणि त्याबद्दल कोणी काही सुचवत नाही.

प्रश्न काढून घेतले की प्रशिक्षणार्थी गोंधळतात: मग बोलायचे काय? येथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांच्याकडे जावे लागते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा व्यक्तिकेंद्रित विचार, म्हणजे उपचाराची दिशा समोरच्या माणसानेच ठरवावी हा विचार, त्यांनी मुलांच्या खेळखोलीत आणला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आठ तत्त्वे मांडली. त्यांतील दोन मी वारंवार उगाळते: मूल पुढे चालेल आणि थेरपिस्ट त्याच्या मागून जाईल, आणि उपचाराची घाई करायची नाही. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की मूल जे करते ते साध्या वाक्यात त्याला ऐकू जाईल असे म्हणायचे: "तू ते सगळं वाळूखाली पुरलंस." "ते उभं राहत नाहीये, आणि तुला तर ते उभं करायचंच आहे." "बाहेर दार वाजलं तेव्हा तू दचकलीस." मुलाने नाव देईपर्यंत वस्तूला आपण नाव द्यायचे नाही, कारण आपल्याला जो लाकडी ठोकळा दिसतो तो त्याच्यासाठी विमान असेल किंवा शाळेच्या बाई असतील. शाबासकीही आवरावी लागते. "किती सुंदर चित्र!" असे म्हटले की पुढचे चित्र आपल्यासाठी काढले जाते; "तू खूप वेळ लावून तो कोपरा रंगवलास" असे म्हटले तर चित्र मुलाकडेच राहते. या टप्प्यावर बरेच जण उलट्या टोकाला जातात आणि क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखे अखंड बोलत सुटतात. मग त्यांना गप्प बसणे वेगळे शिकवावे लागते.

अर्थ लावण्याची हौस हा यापुढचा अडथळा. मुलाने काळा रंग घेतला की नैराश्य, साप मांडला की लैंगिक अत्याचार, असे ठोकताळे समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून इतके पसरले आहेत की ते पुसण्यात एक अख्खी दुपार जाते. हा वाद मात्र जुनाच आहे. १९२०च्या दशकात मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी असे मानले की मोठ्या माणसाच्या मुक्त साहचर्याच्या (मनात येईल ते न गाळता बोलत जाण्याच्या) जागी मुलाचा खेळ ठेवता येतो आणि त्यातील प्रतीकांचा अर्थ मुलाला थेट सांगता येतो. मुलांबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी त्यावर आक्षेप घेतला: पाहुण्या बाईची पर्स उघडणारे मूल काही दर वेळी आईच्या पोटातील बाळाचे कुतूहल व्यक्त करीत नसते, पूर्वी कोणी तशाच पर्समधून त्याला खाऊ किंवा भेटवस्तू दिली असेल, तर ते तीच शोधत असेल. या बाबतीत मी पूर्णपणे ॲना फ्रॉइड यांच्या बाजूची आहे. एका सत्रातील एका खेळाला अर्थ नसतो असे नव्हे, पण तो अर्थ कळायला तोच विषय पुनःपुन्हा येताना पाहावा लागतो आणि घरातील परिस्थितीशी ताडून घ्यावा लागतो. काळा खडू घेण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की बाकीचे खडू मोडलेले होते.

खेळण्यांबद्दल विचारणा सर्वांत जास्त होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसोपचारक मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२९च्या सुमारास वाळूचा ट्रे, पाणी आणि लहान लहान वस्तूंचे कपाट मुलांपुढे ठेवले, तेव्हा मुलांनीच त्या मांडणीला 'जग' म्हणायला सुरुवात केली. आपल्या मुलाचे जग त्या कपाटात सापडले पाहिजे, हा माझा निकष आहे. दुकानात मिळणारे बाहुल्यांचे कुटुंब गोरेपान, सोनेरी केसांचे आणि चौघांचे असते. त्यात आजी नसते, आजोबा नसतात, काका-काकू नसतात आणि गावी राहणारे बाबाही नसतात. म्हणून आम्ही कापडी बाहुल्या शिवून घेतो, त्यांच्या त्वचेच्या छटा वेगवेगळ्या ठेवतो आणि संख्या भरपूर ठेवतो. भातुकलीची भांडी, पोळपाट-लाटणे, रिक्षा, लाल एसटी, डॉक्टरची पेटी, बंद पडलेला मोबाइल, पोलिसांची गाडी, रबरी सुरी, चिकणमाती, पाण्याची बादली आणि मनसोक्त फाडता येईल अशी रद्दी, एवढ्यात पुष्कळ काम होते. बॅटरीवर चालणारी, एकाच प्रकारे खेळता येणारी आणि कार्टूनमधील ठरावीक पात्रांची खेळणी मी ठेवू देत नाही, कारण त्यांची गोष्ट आधीच लिहिलेली असते. परदेशातून मागवलेले महागडे 'थेरपी किट' घ्यावे का, असे विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे.

मर्यादा घालणे हा विषय अनेकांना ऐकायला सोपा वाटतो आणि करायला गेले की त्यांचा आवाज एकदम शाळेतल्या बाईंचा होतो. अमेरिकेतील प्ले थेरपीचे प्राध्यापक गॅरी लँड्रेथ यांची तीन पायऱ्यांची रीत मी शिकवते: आधी इच्छेची दखल, मग मर्यादा, मग दुसरा मार्ग. "तुला माझा इतका राग आलाय की ती गाडी माझ्या अंगावर फेकायची आहे. मी फेकून मारण्यासाठी नाही. त्या उशीवर फेकता येईल." तिन्ही वाक्ये एकाच सुरात यावी लागतात, आणि त्यासाठी प्रशिक्षणार्थी एकमेकांवर खरोखर उशा आणि चेंडू फेकून सराव करतात. पहिल्याच दिवशी नियमांची यादी वाचून दाखवण्याची गरज नसते. प्रसंग आला की मर्यादा सांगायची.

मुलाच्या मागून जाणे मात्र सर्वत्र पुरत नाही, आणि हे न शिकवणारे प्रशिक्षण मला अपुरे वाटते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण करून त्यांना जमिनीत गाडलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडण्यात आले होते. सगळी मुले वाचली. त्यांचा पुढे अभ्यास करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी मानसिक आघातानंतरच्या खेळाचे वर्णन केले: तोच प्रसंग, तोच क्रम, चेहऱ्यावर आनंद नाही आणि शेवटी सुटकाही नाही. अशा खेळाने मूल मोकळे होण्याऐवजी अधिक घाबरत असेल, तर थेरपिस्टने नुसते वर्णन करीत बसू नये. गोष्टीत एक मदतनीस आणणे, बाहुलीला दम घ्यायला लावणे, मुलाचा श्वास आणि शरीर शांत होऊ देणे, असे हळुवार हस्तक्षेप तेथे शिकावे लागतात. खेळ पुढे सरकतो आहे की जागीच फिरतो आहे, हे ओळखण्यासाठी सलग सत्रांच्या नोंदी हव्यात.

अत्याचाराची शंका येते तेथे कायदाही शिकवावा लागतो. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवणे कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे; कळवले नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. त्यामुळे "इथलं बाहेर जाणार नाही" असे वचन मुलाला कधीही द्यायचे नाही. त्याचबरोबर थेरपीची खोली ही जबाब घेण्याची जागा नव्हे. बाहुली हातात देऊन "काकांनी कुठे हात लावला ते दाखव" असे म्हणणारा थेरपिस्ट मुलाच्या आठवणीत स्वतःचे शब्द मिसळतो आणि पुढील खटल्यालाही बाधा आणतो. हा भाग मी वकिलांना बोलावून शिकवते.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र, या प्रकाराबद्दल माझे मत चांगले नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील असोसिएशन फॉर प्ले थेरपीची नोंदणी हवी असेल, तर मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिक परवाना आधीच असावा लागतो, त्यावर १५० तासांचे शिक्षण आणि शिवाय पर्यवेक्षणाखाली मुलांबरोबर केलेले काम लागते. त्यांच्या तासांचा आकडा आपण जसाच्या तसा घ्यावा असे मी म्हणत नाही, पण पर्यवेक्षण वगळता येत नाही. मोठ्या शहरांबाहेर काम करणाऱ्यांना जवळ अनुभवी थेरपिस्ट मिळत नाही. त्यांच्यासाठी आम्ही चित्रित सत्रांवर ऑनलाइन चर्चा करतो. मुलाच्या बोलीतील बारकावे जाऊ नयेत म्हणून ही चर्चा मराठीतच होते. इंग्रजीत नोंदी लिहिणाऱ्यांच्या कागदावर मुलाचे मूळ वाक्य पुष्कळदा उरतच नाही.

शेवटी पालक. "ताई, आज काय शिकवलंत?" हा प्रश्न ठरलेलाच, आणि नुसते खेळण्याचे पैसे का द्यायचे हा न विचारलेला प्रश्नही त्यात असतो. त्याचे उत्तर देता येणे प्रशिक्षणाचा भाग आहे. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६०च्या दशकात पालकांनाच हे कौशल्य शिकवण्याची फिलियल थेरपी सुरू केली. २००५ मध्ये सू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ९३ नियंत्रित अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात पालकांमार्फत झालेल्या प्ले थेरपीचा परिणाम व्यावसायिकांनी केलेल्या उपचारापेक्षा अधिक दिसला. लँड्रेथ आणि ब्रॅटन यांच्या दहा सत्रांच्या रचनेत पालक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच मुलाबरोबर अर्धा तास बसतात आणि त्याचे चित्रीकरण गटात पाहतात. आपल्याकडे अडचण येते ती त्या अर्ध्या तासाची. एका खोलीच्या घरात जागा नसते, धाकटे भावंड मध्ये घुसते, आणि खेळण्यांची पिशवी इतर दिवशी कपाटावर ठेवायची असे ठरले असले तरी आजोबा ती नातवाला काढून देतात. म्हणून आम्ही प्रशिक्षणार्थींना पहिल्या बैठकीस आजी-आजोबांनाही बोलावायला सांगतो, आणि धाकट्या भावंडाला त्या अर्ध्या तासात कोण सांभाळणार हे तेथेच, सर्वांसमक्ष ठरवून घ्यायला लावतो.