साखरेचं मॉडेल: यकृताचा कप्पा जोडला

रक्तातली साखर कशी चढते-उतरते हे दाखवणारं एक गणिती मॉडेल मी बनवतोय. आतापर्यंत त्यात यकृत म्हणजे एक स्थिर आकडा होता. दर किलो वजनामागे मिनिटाला 2 मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडायचं, एवढंच. उपाशी माणसासाठी तो ठीक आहे. जेवण दिलं की मात्र यकृताने हात आखडायला हवा, म्हणून या टप्प्यात साठा, नवनिर्मिती आणि साठवण असे तीन भाग केले.

70 किलोच्या माणसाचं गणित मांडून बघा. यकृतातून तासाला साधारण 8 ग्रॅम ग्लुकोज बाहेर पडतं. पाच लिटर रक्तात एका वेळी असतं जेमतेम 5 ग्रॅम, आणि एकटा मेंदू तासाभरात तेवढं संपवतो. यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, धरलं 100 ग्रॅम. नुसत्या साठ्यावर भागवायचं तर बारा तासांत खडखडाट! पण माणूस त्याहून मोठा उपास काढतो, कारण लॅक्टेट, ॲलनिन आणि ग्लिसरॉल अशा ग्लुकोज नसलेल्या पदार्थांपासून यकृत नवं ग्लुकोज घडवत राहतं. रात्रभर उपाशी राहिल्यावर जवळपास निम्मा पुरवठा त्यातूनच होतो.

स्नायूंमध्ये ग्लायकोजेन यकृतापेक्षा कितीतरी जास्त, पण साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडायला लागणारं ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे विकर तिथे नाही. त्यामुळे स्नायूंकडून रक्ताकडे ग्लुकोजचा बाणच ठेवला नाही, फक्त लॅक्टेटचा ठेवला.

सर्वात जास्त वेळ ग्लुकोकायनेजला, म्हणजे पेशीत आलेलं ग्लुकोज आतच अडकवणाऱ्या यकृतातल्या विकराला दिला आणि तो सार्थकी लागला. इतर पेशींमध्ये हेच काम करणारं हेक्सोकायनेज अगदी कमी साखरेलाच पूर्ण वेगाने चालतं. यकृतातलं ग्लुकोकायनेज निम्मा वेग गाठतं तेच 140-145 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास. म्हणजे रक्तातली साखर वाढेल तशी यकृताची उचल वाढते. हा एक वक्र घातला आणि जेवणानंतरचा आलेख खऱ्यासारखा दिसायला लागला.

मग टाइप 2 मधुमेह. स्नायूंना हात न लावता फक्त यकृताची इन्सुलिन-संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, कमी केली. उपाशीपोटीची साखर चढली. जेवणानंतरचं शिखरही उंचावलं, कारण आतड्यातून साखर येत असतानाही यकृत सोडतच राहिलं. रात्री काही न खाता सकाळी साखर जास्त का येते, हे मला या आलेखाइतकं स्वच्छ कुठेच दिसलं नव्हतं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचा मुख्य परिणामही इथेच, यकृताचं उत्पादन कमी करण्यात. यकृताला साखर सोडायला लावणारा ग्लुकागॉन विसरू नका: टाइप 2 मध्ये जेवणानंतर तो हवा तेवढा खाली येत नाही.

टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं, म्हणून त्यासाठी इन्सुलिनचे दोन कप्पे करावेच लागतात. स्वादुपिंडातलं इन्सुलिन पोर्टल शिरेतून आधी यकृतात पोचतं आणि पहिल्याच फेरीत निम्म्याच्या आसपास तिथेच खर्ची पडतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरतं, त्यामुळे यकृताला पुरेसं मिळेपर्यंत स्नायूंना जास्त मिळून जातं.

पुढचं काम पहाटे चढणाऱ्या साखरेचं. कॉर्टिसॉल आणि वाढ-संप्रेरक वेळेशी जोडायचं आहे. बर्गमन यांच्या 1979 च्या मिनिमल मॉडेलवर (ग्लुकोज आणि इन्सुलिनचं नातं मोजक्या समीकरणांत मांडणारं मॉडेल) कोणी हे केलं असेल, तर त्याची समीकरणं पाहायची फार इच्छा आहे.